पत्ता क्रमांक सात

सांतियागोत जुलै म्हणजे हाडं गोठवणारी थंडी.
पहाटे पावणेसहाला, पुएन्ते आल्तोच्या शेवटच्या मेट्रो स्टेशनवर
मी पत्ते घेऊन उभी असते,
खेळायचे नव्हेत, सर्वेक्षणाचे.
प्रत्येकावर डब्याचा नकाशा
आणि माणसांच्या जागी ठिपके,
काळे, एकाच मापाचे.

अ : बत्तीस मिनिटं, उभ्यानं, चौरस मीटरमागे सहा ठिपके.
ब : एक्केचाळीस मिनिटं, बसायला जागा.
काय निवडाल?
सुचवायचं नाही. हसायचं नाही.
'पोरी, तू काय निवडशील?' असं कुणी विचारलं
तर पुढचा पत्ता काढायचा.

एलिसेओ कारिपान, सुपरमार्केटचा पहारेकरी,
पत्त्याकडे न बघताच म्हणतो, अ.
"बारा तास उभाच असतो, बसायची सवय मोडली.
शिवाय गच्च गर्दीत उभ्या उभ्या डोळा लागतो.
पडायला जागाच नसते ना."
हे लिहायला रकाना नाही.
मी नुसती खूण करते.

नेलिदा उएंचुमान राहते एक स्टेशन अलीकडे, लास मेर्सेदेसला.
पण रोज उलट्या गाडीत बसून इथे टोकाला येते,
फलाट बदलते, दारासमोर पहिली उभी राहते,
आणि मग निघते, शहराकडे, बसून.
पुढे जायचं म्हणून आधी मागे.
"अकरा मिनिटं जातात," ती सांगते,
"पण पुढची पाऊण तास माझी.
नंतर दिवसभर दुसऱ्यांच्या फरशा."
पिशवीतून अर्धा मोजा डोकावतो,
टाच वळायची राहिलेली.
जाताना एक तयार जोड माझ्या हातात कोंबते.
भेट घेणं नियमात बसत नाही.
मी घेतले.

मग विल्नर सें-फ्लेर. हैतीचा.
बाजारात बटाट्याची पोती उचलतो.
सहा पत्ते त्यानं भराभर सोडवले, हुशार मुलासारखे.
मी सातवा धरला.
अ : बत्तीस मिनिटं, उभ्यानं, सहा ठिपके.
ब : बत्तीसच मिनिटं, बसायला जागा, शेजारची जागाही रिकामी.

तो बघत राहिला.
मागची गाडी भरली, निघून गेली.
"ही तर मला फुकट मिळते," तो म्हणाला,
स्पॅनिश शब्द एकेक वेचत.
"कुठली?"
"शेजारची. ती सगळ्यांत शेवटी भरते.
लोक खांबाला लटकतात, पिशव्या छातीशी आवळतात,
आणि ती तशीच. सहा वर्षं झाली.
बाकीचे तिच्यासाठी किती देतात?"
सांगायचं नसतं. सांगितलं.
"साधारण नऊ मिनिटं."
"नऊ," तो म्हणाला,
भाव ऐकून पोतं पुन्हा खाली ठेवावं तसं.
मग अ वर बोट ठेवलं,
त्या सहा ठिपक्यांच्या मधोमध.
"तुमच्या नकाशात सगळेच काळे आहेत," तो म्हणाला.
"बरी गाडी आहे."
हसायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसात रेनातो अर्ज चाळतो.
सातवा पत्ता मुळात सापळाच आहे, तो समजावतो,
वेळ तीच आणि सुख जास्त,
तरी जो अ घेतो त्याला प्रश्न कळलेला नाही.
असे अर्ज गाळायचे.
त्यानं गाळला.
तो वाईट माणूस नाही.
मला कॉफी दिली, पायांकडे बघून म्हणाला, छान आहेत मोजे.

परतीची गाडी तुडुंब.
माझ्या पाठीशी कुणाची छत्री, मानेवर कुणाचा श्वास.
डब्याच्या पार टोकाला, खांद्यांच्या फटीतून,
एक रिकामी जागा दिसली.
तिच्या शेजारी कोण बसलंय ते दिसेना.
किती वर्षं दिसत असेल मला ती,
आणि मी आपली दाराशीच,
लवकर उतरायचंय म्हणून.

"जरा सरकता का," मी म्हणाले.
कुणी सरकलं नाही.
पुन्हा म्हणाले.